हप्ता कोणी भरायचा?



मागच्या रविवारी आम्ही पेणहून सकाळच्या एस.टी.ने रोह्याला गेलो होतो. तिथल्या एका वस्तीतल्या विहारात महिन्यातून एकदा आम्ही कागदपत्रांच्या कामासाठी बसतो. कोणाचा जातीचा दाखला अडलेला असतो, कोणाची निराधार पेन्शन थांबलेली असते, कोणाला प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म भरून हवा असतो. वंदना झाली, चहा झाला, आणि एक मावशी पुढे येऊन बसल्या. वय त्रेसष्ट. नवरा जाऊन दहा वर्षे झाली. एकुलता मुलगा धाटावच्या एम.आय.डी.सी.त एका रासायनिक कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला. मावशींनी पिशवीतून एकेक कागद काढून आमच्यापुढे सतरंजीवर मांडला. रेशनकार्ड, साखरेच्या गोळ्यांची डॉक्टरांची चिठ्ठी, मुलाची पगारपावती, आणि सर्वात शेवटी एका विमा कंपनीचे गुळगुळीत रंगीत माहितीपत्रक. त्यावर पांढऱ्या केसांचे एक जोडपे बागेत हसत उभे होते.

"दादा, तुम्ही हिशेबातले. हे घेऊ का नको ते सांगा," मावशी म्हणाल्या. "पोरगा म्हणतो घेऊ, सून म्हणते नको. दोघांत दोन दिवस बोलणं नाही."

एजंटाने माहितीपत्रकाच्या मागे पेनने आकडा लिहून दिला होता. एकट्या मावशींसाठी, पाच लाखांचा विमा, वर्षाला एकतीस हजार रुपये. मुलाचा पगार महिना पंधरा हजार. म्हणजे दोन महिन्यांचा सबंध पगार कंपनीला द्यायचा आणि घरच्यांनी दहा महिन्यांच्या पगारात वर्ष काढायचे. त्यातही मावशींना साखर आणि रक्तदाब दोन्ही असल्यामुळे त्या आजारांवर पहिली काही वर्षे कंपनी पैसे देणार नाही, हे बारीक अक्षरांत छापलेले होते. ते मुलाने वाचले नव्हते आणि एजंटाने वाचून दाखवले नव्हते.

विहारात मग जी चर्चा झाली, ती आम्ही मुद्दाम इथे देत आहोत, कारण हीच चर्चा आज आपल्या घराघरांत चालू आहे. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "सरकारचं पाच लाखांचं कार्ड सर्वांना आहे. मग कंपनीला पैसे कशाला?" त्यावर मागून एक गृहस्थ म्हणाले, "कार्ड घेऊन जा एकदा, मग कळेल. हा आजार बसत नाही म्हणतात, तो बसत नाही म्हणतात." तिसरे म्हणाले की मुंबईला मोठ्या दवाखान्यात आत घेताना पहिला प्रश्न मेडिक्लेम आहे का हाच असतो. मावशींची सून दाराशी उभी होती. ती म्हणाली, "आणि हप्ता भरून आई आजारी पडल्याच नाहीत तर?" सगळे हसले. मात्र तिचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. एकतीस हजारांत तिच्या मुलीची वर्षभराची शाळा आणि पावसाळ्याआधीचे छपराचे काम होते.

आम्ही त्या गडबडीत काहीच बोललो नाही. आमचे लक्ष माहितीपत्रकावर नव्हते, पगारपावतीवर होते. पावतीच्या कपातीच्या रकान्यात, पी.एफ.च्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती: ईएसआय ११३.

"हे काय कापतात रे?" आम्ही मुलाला विचारले.

"ते होय? ते युनियनचं असेल," तो म्हणाला.

वाचकहो, त्या ११३ रुपयांची गोष्ट सांगण्यासाठी हा आठवड्याचा सगळा लेख खर्च करावा लागला तरी चालेल, असे आम्हाला तेव्हाच वाटले.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा. कारखान्यात किंवा दहा अथवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराला हा विमा लागू होतो. १ जुलै २०१९ पासून त्याचा दर एकूण ४ टक्के आहे. त्यातला पाऊण टक्का कामगाराने द्यायचा आणि सव्वातीन टक्के मालकाने. पंधरा हजारांवर पाऊण टक्का म्हणजे ११२ रुपये ५० पैसे. रुपया पुरा करून ११३. मालकाचे होतात ४८८. कामगाराच्या खिशातून वर्षाला १,३५६ रुपये जातात. त्यात तो स्वतः, बायको, मुले आणि त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील (त्यांचे स्वतःचे उत्पन्न ठरवून दिलेल्या मर्यादेत असले तर) इतक्यांचे औषधपाणी येते. दवाखान्याची गोळीसुद्धा त्यात आली, आणि मोठी शस्त्रक्रियासुद्धा. आजारपणात खाडे पडले तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते, त्यासाठी आधी ठराविक दिवस वर्गणी भरलेली असावी लागते. बाळंतपणाला २६ आठवडे. पाच वर्षे विम्याखाली काम करून निवृत्त झालेल्याला वर्षाला अवघे १२० रुपये भरून नवराबायकोचे औषधपाणी पुढे चालू ठेवता येते. महिन्याला दहा रुपये. आजकाल कटिंग चहालासुद्धा तेवढे लागतात.

मग एकीकडे एकतीस हजार आणि दुसरीकडे तेराशे छप्पन, हा फरक कुठून आला? कंपनी लबाड आहे म्हणून नव्हे. हिशेबाची रीतच निराळी आहे. खाजगी विमा कंपनी तुमचा पगार विचारत नाही. ती वय विचारते, साखर विचारते, आईबापांना काय आजार होते ते विचारते, आणि जो जास्त आजारी पडण्यासारखा दिसतो त्याला जास्त हप्ता लावते. म्हणजे म्हातारपणी, मिळकत थांबल्यावर, हप्ता सर्वात मोठा होतो. राज्य विमा वय विचारत नाही. तो पगार विचारतो. ज्याला पंधरा हजार मिळतात तो ११३ देतो, ज्याला वीस हजार मिळतात तो १५० देतो, आणि औषध दोघांना सारखेच मिळते. तरणाताठा कामगार जे भरतो त्यातून दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईचे भागते, आणि उद्या त्याच्या आईचे तिसऱ्याच्या पैशातून. वर मालकाचा वाटा आहे तो वेगळाच.

या रीतीशी आपला जुना संबंध आहे, तो आपल्या मुलांना ठाऊक नसतो. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतल्या स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता द्यावा की नाही यावर चर्चा झाली. तेव्हा बाबासाहेबांनी त्या विधेयकाला पाठिंबा दिला. हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, पण जो मालक त्या स्त्रीच्या श्रमावर नफा मिळवतो त्यानेही आपला वाटा दिला पाहिजे, अशी त्यांची भूमिका होती. पुढे जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्याच काळात, मार्च १९४३ मध्ये, कारखान्यातल्या कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले, आणि ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. एप्रिल १९४८ मध्ये कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली इथे प्रत्यक्ष योजना सुरू झाली. आता तो कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. मावशींच्या मुलाच्या पावतीवरची ती बारीक ओळ अशी लांबून चालत आलेली आहे. आपल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि त्याच भिंतीच्या खिळ्याला पगारपावत्या टोचलेल्या असतात. त्या पावत्या कोणी वाचत नाही.

दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आमच्या घरची गोष्ट सांगणे भाग आहे.

आम्ही स्वतः कारकून. काही वर्षांपूर्वी पनवेल भागातल्या एका कंपनीच्या ऑफिसात होतो, पेणहून रोज जाऊन येऊन. पगार २०,८०० होता आणि राज्य विमा लागू होता. थोरल्याचा हात मोडला तेव्हा एक पैसा लागला नाही. २०१८ साली पगार वाढून २१,६०० झाला. आम्ही ऑफिसात आणि वस्तीत पेढे वाटले. चालू मुदत संपताच आमचा विमा बंद झाला, कारण १ जानेवारी २०१७ पासून जी २१,००० ची मर्यादा ठरली होती ती आम्ही ओलांडली होती. आठशे रुपये वाढले आणि चौघांचे औषधपाणी गेले. आम्ही बीकॉम, दुसऱ्यांचे हिशेब तपासणारे, आणि हे आम्हाला पेढे वाटून झाल्यावर कळले. महागाई वाढली, किमान वेतन वाढले, तरी ती मर्यादा वर्षानुवर्षे जागची हलली नाही. कामगार संघटना ती ३० हजारांवर न्या म्हणून मागणी करत राहिल्या. त्या मागणीत आमच्यासारख्या किती कारकुनांचे पेढे असतील!

मग आम्ही मेडिक्लेम घेतला. चौघांचा मिळून पहिला हप्ता १४,००० आणि त्यावर १८ टक्के जी.एस.टी. २,५२०, एकूण १६,५२०. विम्यावर कर का, हे आम्हाला तेव्हाही कळले नाही. आजारपणाची तजवीज करणारा माणूस सरकारच्या लेखी चैन करतो की काय? पुढे वयाचा टप्पा बदलला, दवाखाने महागले म्हणून कंपनीने दर वाढवला, आणि २०२२ च्या नूतनीकरणाची नोटीस आली ती १९,५०० अधिक कर ३,५१०, म्हणजे २३,०१० रुपयांची. कोरोनाच्या काळात पगार अर्धा झाला होता, तेव्हा पतपेढीचे कर्ज काढले होते, ते फिटायचे होते. घरी आम्ही आणि आमच्या सौभाग्यवती रात्री बसलो, कागदावर आकडे मांडले आणि यंदाचा हप्ता सोडून द्यायचे ठरवले. चार वर्षांत एकदाही पैसे घेतले नव्हते. यंदाच काय होणार आहे, असे आम्ही म्हणालो. ती चूक आमची.

मार्च २०२३ मध्ये सौभाग्यवतींच्या पोटात दुखू लागले. पित्ताशयात खडे निघाले, आत सूज होती, थांबण्यासारखे नव्हते. राज्य विम्यातून आम्ही बाहेर. मेडिक्लेम संपलेला. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पिवळ्या आणि केशरी रेशनकार्डांची कुटुंबे होती, आमचे कार्ड पांढरे. म्हणजे कारखान्याच्या विम्यासाठी आम्ही श्रीमंत, सरकारी योजनेसाठीही श्रीमंत, आणि मेडिक्लेमसाठी गरीब! सौभाग्यवतींच्या कानातले आणि पतपेढीचे दुसरे कर्ज यांवर ते आजारपण निभावले. सोळा महिन्यांनी, १ जुलै २०२४ पासून, ती योजना राज्यातल्या सर्व रेशनकार्डधारकांना आणि रहिवाशांना लागू झाली. आनंदच झाला. कर्जाचे हप्ते मात्र अजून चालू आहेत.

आता त्या सरकारी योजनेविषयी. आपल्या रायगड जिल्ह्यात ती पहिल्यापासून आहे, हे अनेकांना आठवत नसेल. २ जुलै २०१२ रोजी राज्यातल्या ज्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली त्यांत रायगड होता. गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे आणि मुंबईचे दोन जिल्हे हे बाकीचे. तेव्हा कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार होते आणि ९७२ प्रकारच्या शस्त्रक्रिया व उपचार यादीत होते. सरकार विमा कंपनीला कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये हप्ता भरत होते, सेवाकर वेगळा. ३३३ रुपयांत आख्खे कुटुंब! हे कसे परवडले? कारण लाखो कुटुंबे एकदम एका खात्यात आली. कोण आजारी, कोण म्हातारा, हे कोणी विचारले नाही. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि २०२४ पासून मर्यादा पाच लाखांची झाली. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी केंद्राने २९ ऑक्टोबर २०२४ पासून वेगळे कार्ड दिले, त्याला उत्पन्नाची अट नाही. आपल्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांचे ते काढून ठेवावे, आजाराची वाट पाहू नये.

त्या मागच्या गृहस्थांचे म्हणणेही खोटे नाही. योजना यादीतल्या उपचारांपुरती आहे, आणि यादीतल्या दवाखान्यांपुरती. रात्री अकरा वाजता छातीत कळ आली तर माणूस जवळ दिसेल त्या दवाखान्यात जातो, यादी बघत बसत नाही. म्हणून आधीच, शांतपणी, आपल्या तालुक्यातले आणि पनवेल, अलिबागकडचे कोणते दवाखाने यादीत आहेत ते विचारून घरात लिहून ठेवावे. १५५३८८ हा योजनेचा फुकट फोन आहे. दवाखान्यात गेल्यावर पैसे भरण्याआधी आरोग्यमित्राचे टेबल शोधावे. रेशनकार्ड आणि आधारकार्ड एका पिशवीत ठेवावे आणि ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या सर्वांना, लहान मुलांनासुद्धा, ठाऊक असावे. आमच्या घरी ती पिठाच्या डब्यामागच्या खिळ्याला असते.

पण मावशींचा रोजचा खर्च या कोणत्याच कार्डात बसत नाही, आणि आमच्या मते या सगळ्या वादात हीच गोष्ट मागे पडते. साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांना त्यांना महिन्याला नऊशे रुपये लागतात. वर्षाचे झाले १०,८००. त्याशिवाय रक्ततपासणी, रिक्षा, आणि मुलाचा एक खाडा. सरकारी कार्ड दवाखान्यात भरती झाल्यावर चालते, मेडिक्लेमही बहुतेक तसाच. गरिबाचे घर मोठ्या ऑपरेशनने एकदम कोसळते, पण ते बुडते या नऊशे नऊशेंनी. देशाच्या आरोग्यखर्चातला लोकांनी थेट खिशातून दिलेला वाटा २०१३-१४ साली सरकारी हिशेबाप्रमाणे ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. कमी झाला हे चांगलेच. तरी शंभरातले जवळजवळ चाळीस रुपये अजून माणूस काउंटरवर मोजतो.

या नऊशेंवर विम्यापेक्षा सरकारी दवाखाना हा उपाय अधिक खरा आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून उपचारापर्यंत सर्व फुकट झाले. पेण आणि रोहा इथली उपजिल्हा रुग्णालये, अलिबागचे जिल्हा रुग्णालय, गावागावांतली प्राथमिक आरोग्य केंद्रे ही आपली आहेत. साखरेच्या साध्या गोळ्या तिथे मिळायला हव्यात. त्या संपल्या असतील तर बाहेरची चिठ्ठी घेऊन गुपचूप मेडिकलकडे वळण्यापेक्षा, संपल्या असे लेखी मागावे आणि दहाजणांनी मिळून मागावे. विम्याचे कार्ड खिशात आणि दवाखान्यात डॉक्टर नाही, अशी स्थिती आली तर ते कार्ड दाखवायचे कोणाला?

अमेरिकेत हा प्रश्न सुटला असेल असे कोणाला वाटत असेल तर तेही पाहावे. तिथे २०१० साली ओबामांच्या काळात सर्वांना परवडेल असा आरोग्यविमा देण्यासाठी कायदा झाला. तरी विमा मुख्यतः खाजगी कंपन्यांकडूनच घ्यायचा आणि हप्त्याला सरकारने अनुदान द्यायचे, अशी ती व्यवस्था. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तिथल्या केंद्र सरकारचे कामकाज ४३ दिवस बंद पडले, ते मुख्यतः या वाढीव अनुदानाच्या भांडणावरून; आणि वर्षअखेरीस ते वाढीव अनुदान संपलेच. इंग्लंडने ५ जुलै १९४८ रोजी दवाखानेच सरकारी करून टाकले आणि खर्च करातून चालवला. तिथे आजारी माणसाने हप्ता भरला का असे कोणी विचारत नाही. रांगा आहेत, तक्रारीही आहेत. पण औषधासाठी कानातले विकल्याचे तिथे फारसे ऐकू येत नाही.

आपल्याकडेही काही सुधारणा झाल्या, त्या नाकारण्यात अर्थ नाही. १ एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने ६५ वर्षांवरच्यांना नवा आरोग्यविमा घेण्यावरची वयाची आडकाठी काढली आणि जुन्या आजारांसाठी थांबण्याची कमाल मुदत चार वर्षांवरून तीन केली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्यविम्यावरचा १८ टक्के कर शून्य झाला. पेपरात मोठे मथळे आले. आम्ही जुनी नोटीस काढून पाहिली. २३,०१० मधून ३,५१० गेले तर राहतात १९,५००, आणि तेही कंपनी मूळ दर वाढवणार नाही असे धरून. कर काढला हे योग्यच केले. मात्र वय आणि आजार पाहून दर लावण्याची रीत तिथेच आहे. वयाची आडकाठी निघाली म्हणून मावशींना विमा मिळू शकतो. परवडतो का, हा प्रश्न एजंटाने पेनने लिहिलेल्या आकड्यात उरतोच.

पेणचा विचार केला की आम्हाला आणखी एक बाजू दिसते. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत हजारो हात राबतात, त्यांत आपल्या आयाबहिणीही आहेत. घासकाम, रंगकाम, भरणी. प्लास्टरची धूळ नाकातोंडात जाते, रंगाचा वास रात्री अंथरुणातही येतो. गेली काही वर्षे प्लास्टरबंदीच्या वादाने काम कधी भरपूर, कधी बंद. त्यांना रोजावर पैसे मिळतात, पावती नसते. ज्याच्याकडे पावती नाही त्याच्या नावावर कपात नाही, आणि कपात नाही तर मालकाचा वाटाही नाही. अशा बाईला फुले योजनेचे कार्ड एवढेच छत्र. तिने मेडिक्लेम घ्यावा असे आम्ही कोणत्या तोंडाने सांगणार? २०१० साली पेण अर्बन बँक बुडीत गेली तेव्हा आजारपणाला म्हणून पै पै साठवलेल्या कितीजणांच्या ठेवी अडकल्या, ते पेणकर विसरलेले नाहीत. विमाही नाही आणि साठवलेलेही हाती नाही, हे दिवस आपण पाहिलेले आहेत.

तेव्हा ज्यांच्याकडे पावती आहे त्यांनी तरी ती वाचावी, म्हणून मावशींच्या मुलाकडे परत येतो.

आम्ही त्याला विचारले, "तुझा विमा क्रमांक काय?" त्याला ठाऊक नव्हता. पावतीवर तो छापलेला नव्हता. दोन वर्षे ११३ रुपये कापले जात होते आणि कोणत्या खात्यात जमा होत होते, की होतच नव्हते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. बरोबरच्या सातआठ जणांचीही तीच गत. यात एक गोष्ट प्रत्येक ठेका कामगाराने ध्यानात ठेवावी. वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे कारखान्याची असते. ठेकेदाराकडून वसूल कसे करायचे ते कारखान्याने बघायचे. कारखान्यात गेले तर "ठेकेदाराला विचार," आणि ठेकेदाराकडे गेले तर "कंपनीत विचार," या चेंडूफळीला बळी पडायचे कारण नाही. मालकाने भरणा केला नाही आणि त्यामुळे कामगाराचा लाभ अडला, तर तो लाभ देऊन मालकाकडून वसुली करण्याची तरतूदही कायद्यात होती, म्हणून कपात झालेल्या सर्व पावत्या जपून ठेवाव्यात. महामंडळाचा फुकट फोन १८००-११-२५२६ आहे.

या विम्यातही खोट आहे, ती लपवून आम्ही कोणाला फसवणार नाही. राज्य विम्याची मोठी रुग्णालये मुलुंड, ठाणे, उल्हासनगर, वरळी अशी सगळी मुंबईच्या अंगाला. रोह्याच्या माणसाला तिथे जाणे म्हणजे दिव्याची गाडी, पुढे लोकल, आणि परत यायला रात्र. वर्गणी कापताना धाटाव जवळ असते आणि औषध देताना लांब होते, याबद्दल कामगारांनी आणि त्यांच्या संघटनांनी बोलले पाहिजे. पण लांब असलेले आपले मागून घेणे आणि नसलेले विकत घेणे यांत मावशींच्या घराला काय परवडेल, ते पिशवीतल्या कागदांवरून स्पष्ट होते.

आम्ही विहारातच दोन अर्ज लिहिले, एक ठेकेदाराला आणि एक कारखान्याच्या कार्यालयाला. विमा क्रमांक कळवावा, दोन वर्षांच्या भरण्याचा तपशील द्यावा, आणि कुटुंबात आईचे नाव नोंदवावे, एवढ्याच तीन मागण्या. मुलाबरोबर आणखी सहाजणांनी सह्या केल्या. एकजण सही करता करता थांबला. ठेकेदार कामावरून काढील म्हणाला. त्याला आम्ही आग्रह केला नाही. त्याच्या घरी दोन लहान मुले आहेत. मावशींची सून मात्र दारातून आत आली आणि तिने अर्जाच्या झेरॉक्ससाठी वीस रुपये काढून दिले.

माहितीपत्रक मावशींनी परत पिशवीत ठेवले. "टाकून देऊ का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हणालो, "उत्तर येईपर्यंत राहू द्या. हप्ता मात्र इतक्यात भरू नका. आणि उद्या सकाळी सरकारी दवाखान्यात जाऊन साखरेच्या गोळ्या मिळतात का ते विचारा."

मंगळवारी पाळी सुटल्यावर मुलाने अर्ज दिले. कारखान्याच्या कार्यालयाने पोच दिली आहे, ठेकेदाराने अजून दिलेली नाही. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही पुन्हा त्याच विहारात बसणार आहोत. धाटावला कामाला जाणाऱ्यांनी गेल्या सहा महिन्यांच्या पगारपावत्या बरोबर आणाव्यात.